ॲक्यूट ल्युकेमियातील जनुकीय तपासण्या: नव्याने निदान झालेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी

सीबीसीच्या कागदावर हिमोग्लोबिन सहा-सातवर उतरलेले, प्लेटलेट वीस हजारांच्या आसपास, पांढऱ्या पेशी एक तर लाखाच्या घरात किंवा हजार-दीड हजारावर, आणि तळाशी 'ब्लास्ट पेशी आढळल्या, रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा' अशी एक ओळ. ॲक्यूट ल्युकेमिया बहुतेक घरांत अशाच एखाद्या कागदातून शिरतो. पुढच्या आठ-दहा दिवसांत घरच्यांच्या कानांवर कॅरिओटाइप, फिश, पीसीआर, एनजीएस, म्युटेशन असे शब्द पडत राहतात, सह्या मागितल्या जातात, पैसे भरावे लागतात, आणि यातले काय कशासाठी चालले आहे हे उमगण्याआधीच केमोची पहिली बाटली लागलेली असते.

माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आम्ही याच अवस्थेतून गेलो. मी डॉक्टर नाही. त्याच्या उपचारांच्या काळात आणि त्यानंतर पुण्यातल्या अशाच घरांतील माणसांसोबत बसून रिपोर्ट समजून घेता घेता जे शिकले, ते येथे क्रमाने लिहीत आहे. हे वाचून कोणीही स्वतः उपचार ठरवू नयेत. डॉक्टरांना कोणत्या दिवशी काय विचारायचे, एवढे यातून समजले तरी पुष्कळ उपयोग होईल.

आधी नावाविषयी थोडे. 'ॲक्यूट'ला मराठीत 'तीव्र' म्हणतात, पण येथे त्या शब्दाचा रोख वेगाकडे आहे. अस्थिमज्जेत, म्हणजे आपण ज्याला बोन मॅरो म्हणतो तेथे, अर्धवट वाढलेल्या पेशी (यांनाच ब्लास्ट म्हणतात) काही आठवड्यांत गर्दी करतात आणि चांगल्या रक्तपेशींना जागाच उरत नाही. या पेशी लिम्फॉइड वंशाच्या असतील तर आजाराला एएलएल म्हणतात आणि मायलॉइड वंशाच्या असतील तर एएमएल. लहान मुलांच्या ॲक्यूट ल्युकेमियात चारपैकी साधारण तिघांना एएलएल असतो. प्रौढांत एएमएल अधिक दिसतो. मात्र या दोन नावांच्या पोटात आणखी पुष्कळ वेगवेगळे आजार आहेत, आणि ते एकमेकांपासून ओळखण्याची खूण पेशीच्या गुणसूत्रांत आणि जनुकांत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात तर काही ठरावीक जनुकीय बदल सापडल्यास ब्लास्टचे प्रमाण नेहमीच्या २० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कमी असले तरी एएमएलचे निदान करता येते.

पायरी पहिली: औषध सुरू होण्याआधीचा नमुना

या संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही आहे. केमो किंवा स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वी घेतलेला मज्जेचा पहिला नमुना पुन्हा मिळत नाही. उपचार लागू पडले की आजारी पेशी मरतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण त्यांच्यासोबत त्यांची ओळखही जाते.

कंबरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढतात, तेव्हा ती वेगवेगळ्या झाकणांच्या नळ्यांत भरतात. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असते आणि ती गुणसूत्रांच्या तपासणीसाठी जाते, कारण त्या तपासणीला जिवंत, विभाजन होऊ शकणाऱ्या पेशी लागतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असते आणि तिच्यातील नमुन्यावर फ्लो सायटोमेट्री, पीसीआर आणि एनजीएस होते; या तपासण्या काय पाहतात ते पुढच्या पायरीत येईल. नळ्या हाती आल्यावर त्या कोठे आणि किती वाजता निघणार, हे विचारण्यात काहीही गैर नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तर भावाचा नमुना अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी घेतला गेला. पुण्याची विसर्जन मिरवणूक दिवस-रात्र चालते, मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, आणि आमची हिरव्या झाकणाची नळी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पोहोचायला तीन दिवस लागले. रिपोर्ट आला तो असा: 'विभाजनाच्या अवस्थेतील पेशी मिळाल्या नाहीत.' तोवर केमोचा पहिला आठवडा उलटून गेला होता. त्याच नमुन्यावर फिश तपासणी होऊ शकली, कारण तिला विभाजित होणाऱ्या पेशी लागत नाहीत, आणि तिनेच आम्हाला तारले; पण त्याच्या गुणसूत्रांचे संपूर्ण चित्र कोणालाही कधीच पाहता आले नाही. शनिवार-रविवार, सण, संप असे काही पुढे असेल तर नमुना कधी घ्यावा आणि कोठे पाठवावा, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

या पायरीवरच आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. ताप, गाठी किंवा कमी प्लेटलेटसाठी आधीच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, तर ते न विसरता सांगा. एएलएलच्या पेशी स्टिरॉइडने झपाट्याने कमी होतात आणि निदान धूसर होते. दुसरे असे की रुग्णाची प्रकृती नाजूक असेल तर रिपोर्टसाठी उपचार थांबवून धरायचे नसतात. नमुना घ्यायचा आणि औषध सुरू करायचे, हा क्रम आहे. मज्जा काढणे शक्यच नसेल आणि रक्तात ब्लास्ट भरपूर असतील, तर रक्ताच्या नमुन्यावरही यातील बहुतेक तपासण्या होतात.

पायरी दुसरी: कोणती तपासणी काय पाहते

फ्लो सायटोमेट्री ही जनुकीय तपासणी नव्हे. ती पेशीच्या पृष्ठभागावरील खुणा पाहून वंश सांगते, आणि तिचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत मिळतो. घरच्यांना वाटते, निदान झाले. खरे तर अर्धेच झालेले असते.

कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, पेशी प्रयोगशाळेत वाढवून, ऐन विभाजनाच्या क्षणी औषधाने थांबवून, काचपट्टीवर पसरून रंगवतात. एका प्रयोगशाळेतील ताईंनी मला एकदा पडद्यावर हे दाखवले होते. आधी काड्याकुड्यांचा पसारा दिसतो. मग त्या एकेक तुकडा उचलून, अंगावरच्या गडद-फिक्या पट्ट्यांवरून ओळखून, जोडीने रांगेत लावत जातात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. बावीस जोड्या आणि शेवटी लिंगसूत्रे, मिळून ४६. त्या रांगेत बाविसाव्या जोडीतला एक तुकडा दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे आखूड होता. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने तो दाखवला आणि म्हणाल्या, "हे फिलाडेल्फिया." साधारण वीस पेशी अशा तपासतात, आणि त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात.

हे आखूड गुणसूत्र १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना प्रथम दिसले, तेही ल्युकेमियाच्या एका दीर्घकालीन प्रकारात. तुकडा तुटून नाहीसा झाला असावा, असा तेव्हा समज होता. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले की तो नाहीसा झालेला नाही. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापसांत तुकड्यांची अदलाबदल केलेली आहे. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी एएमएलच्या काही रुग्णांत आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांमधील अशीच अदलाबदल ओळखली होती. आज आपल्या हातात पडणाऱ्या रिपोर्टमागची सारी विचारसरणी या निरीक्षणांवर उभी आहे.

फिशमध्ये चमकणाऱ्या रंगांचे ठिपके वापरून एखादी विशिष्ट अदलाबदल शोधतात. उत्तर काही दिवसांत येते, पण जे शोधायला सांगितले तेवढेच सापडते. पीसीआर जोडजनुकाच्या, म्हणजे अशा अदलाबदलीत दोन जनुकांचे तुकडे जुळून बनलेल्या जनुकाच्या, प्रतींचे मोजमाप करते. एनजीएसमध्ये एकाच वेळी अनेक जनुकांतील डीएनएची अक्षरे वाचली जातात, आणि कॅरिओटाइपला न दिसणारे बारीक बदल त्यात कळतात. त्याला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी, असा हिशेब येथे चालत नाही, आणि एनजीएस केले म्हणून कॅरिओटाइप सोडता येत नाही.

पायरी तिसरी: रिपोर्ट वाचणे

कॅरिओटाइपच्या रिपोर्टमध्ये इंग्रजी अक्षरांत छापलेली एक ओळ असते, ती देवनागरीत लिहिली तर अशी दिसेल: ४६,एक्सवाय,टी(९;२२)(क्यू३४;क्यू११.२)[१८]/४६,एक्सवाय[२]. पहिला आकडा गुणसूत्रांची संख्या सांगतो, त्यानंतर लिंगसूत्रे येतात. 'टी' म्हणजे अदलाबदल, आणि कंसातले आकडे ती कोणत्या गुणसूत्रांत झाली ते सांगतात. 'क्यू' म्हणजे गुणसूत्राचा लांब हात. आखूड हाताला 'पी' म्हणतात. चौकटी कंसातील १८ याचा अर्थ वीसपैकी अठरा पेशींत हा बदल दिसला आणि उरलेल्या दोन पेशी सुस्थितीत होत्या. 'डेल' असेल तर तुकडा गळलेला, 'इन्व्ह' असेल तर तुकडा जागच्या जागी उलटलेला, अधिक-उणे चिन्हांनी अख्खे गुणसूत्र जास्त किंवा कमी.

'नॉर्मल कॅरिओटाइप' असे वाचून अनेकांना हायसे वाटते, आणि काही जण तर निदानच चुकले असेल अशी आशा धरतात. तसे नसते. एएमएलच्या जवळपास निम्म्या प्रौढ रुग्णांचा कॅरिओटाइप नॉर्मलच येतो. त्यांच्यातील बदल अक्षरांच्या पातळीवर असतात, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत एनपीएम१, एफएलटी३, सीईबीपीए या जनुकांची तपासणी निर्णायक ठरते.

एनजीएसच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक बदलासमोर टक्केवारी असते. नमुन्यातील त्या जनुकाच्या प्रतींपैकी किती प्रतींत हा बदल होता, एवढेच ती सांगते. आजार किती टक्के आहे किंवा बरे होण्याची शक्यता किती, असा तिचा अर्थ लावू नये. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मारलेले बदलही यादीत येतात. त्यांच्यावर उपचार ठरत नाहीत, आणि त्यांच्यासाठी रात्र जागून इंटरनेट धुंडाळू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

पायरी चौथी: जनुकीय म्हणजे आनुवंशिक, हा समज दूर करणे

भावाच्या फिशचा रिपोर्ट आला तेव्हा आई खुर्चीत ताठ बसून होती. डॉक्टरांचे बोलणे संपल्यावर तिने विचारले, "पण डॉक्टर, माझ्या माहेरी असलं कुणालाच नव्हतं हो. मग हे जीन्समध्ये कुठून आलं?" डॉक्टर म्हणाले, "काकू, हे तुमच्याकडून आलेलं नाही, त्याच्या बाबांकडूनही नाही. हा बदल त्याच्या मज्जेतल्या एका पेशीत, तो मोठा झाल्यावर घडलाय. त्याच्या बाकीच्या शरीरात तो नाही, आणि तो पुढे त्याच्या मुलांतही जाणार नाही." आईने तेच वाक्य त्यांना आणखी एकदा म्हणायला लावले.

हे मी जसेच्या तसे लिहिले, कारण जवळजवळ प्रत्येक घरात हा प्रश्न कोणाच्या तरी मनात असतो, आणि तो बहुधा आईच्या किंवा सुनेच्या माथी मारला जातो. ल्युकेमियाच्या पेशींतील बहुसंख्य बदल आयुष्यात नंतर झालेले असतात. आईवडिलांकडून आलेले नसतात. गरोदरपणात काय खाल्ले, कोणाची दृष्ट लागली, मुलाला लवकर शाळेत का घातले, यांपैकी कशातही या प्रश्नाचे उत्तर नाही. नातेवाइकांना हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगणे हा घरातल्या कर्त्या माणसाचा धर्म आहे.

थोड्या घरांत मात्र जन्मजात प्रवणता असते, आणि ती ओळखणे महत्त्वाचे आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ल्युकेमियाचा धोका बराच अधिक असतो. फँकोनी ॲनिमिया हा दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यास होणारा आजार आहे, त्यामुळे आते-मामे भावंडांतील किंवा अन्य नात्यातील लग्न असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. आरयूएनएक्स१, गाटा२, डीडीएक्स४१, टीपी५३ आणि सीईबीपीए या जनुकांतील दोष काही कुटुंबांत पिढ्यांमधून चालत येतात. घरात आणखी कोणाला ल्युकेमिया, वर्षानुवर्षे कमी प्लेटलेट किंवा कमी वयात इतर कर्करोग झाला असेल, तर ते मागे दोन पिढ्यांपर्यंत लिहून न्या. एनजीएसमधील टक्केवारी पन्नासच्या जवळ असली की अशी शंका येऊ शकते, पण तेवढ्याने ती सिद्ध होत नाही. खात्रीसाठी त्वचेच्या पेशी लागतात, कारण रुग्णाच्या रक्तात आणि लाळेतही ल्युकेमियाच्या पेशी मिसळलेल्या असतात. याचा थेट परिणाम प्रत्यारोपणावर, म्हणजे निरोगी दात्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी रुग्णाला देण्यावर, होतो: दाता म्हणून निवडलेल्या भावंडात तोच जन्मजात दोष असेल, तर त्याच्या पेशी देणे धोक्याचे ठरते.

पायरी पाचवी: या माहितीने उपचार कसे बदलतात

सर्वांत ठळक उदाहरण एपीएलचे आहे. हा एएमएलचाच एक प्रकार असून त्यात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक तयार होते. पहिल्या काही दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन रुग्ण दगावण्याची भीती असते, म्हणून केवळ शंका आली तरी, जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता, एट्रा हे अ जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध सुरू करतात. त्याच्या जोडीला आर्सेनिक ट्रायऑक्साइड देतात. आर्सेनिक म्हणजे सोमल, हे कळल्यावर घरची माणसे हादरतात. परंतु मोजून-मापून शिरेवाटे दिलेले हे औषध त्या जोडजनुकाने तयार केलेले प्रथिनच मोडते. सुरुवातीला पांढऱ्या पेशी दहा हजारांपेक्षा जास्त नसलेल्या रुग्णांत या दोन औषधांनी, नेहमीची केमो न देताही, नव्वद टक्क्यांहून अधिक जण बरे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी केवळ आर्सेनिकवर एपीएलचे रुग्ण बरे करून दाखवले, हे भारतातील कामही जगभर अभ्यासले गेले आहे. या उपचारांत धाप लागणे, ताप, वजन झपाट्याने वाढणे असे काही दिसल्यास ते त्याच क्षणी नर्सला सांगावे.

माझ्या भावाच्या एएलएलमध्ये फिलाडेल्फिया गुणसूत्र होते. प्रौढांच्या एएलएलमध्ये साधारण चारपैकी एकाला ते असते, मुलांत क्वचितच. एकेकाळी हा सर्वांत वाईट प्रकार समजला जाई. त्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या बीसीआर-एबीएल या जोडजनुकाने बनवलेल्या प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिब आणि नंतर डॅसॅटिनिब ही औषधे आल्यापासून चित्र पालटले. इमॅटिनिबच्या एका रूपावरील पेटंटचा दावा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या. रोज जेवणानंतर घ्यायची ती गोळी भावाच्या हातावर ठेवताना मला त्या निकालाची किंमत कळत असे.

मुलांच्या एएलएलमध्ये गुणसूत्रे पन्नासहून अधिक असणे, किंवा बाराव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांची अदलाबदल असणे, या अनुकूल खुणा मानल्या जातात. अशा मुलांना अनावश्यक कडक केमो टाळता येते. याउलट गुणसूत्रे ४४ पेक्षा कमी असणे किंवा केएमटी२ए जनुकातील फेरफार, जो एक वर्षाच्या आतील बाळांत वारंवार दिसतो, यांत उपचार अधिक कडक ठेवावे लागतात. एएमएलमध्ये रुग्णांची अनुकूल, मध्यम आणि प्रतिकूल अशी विभागणी करतात, आणि पहिल्या केमोने आजार आटोक्यात आल्यावर प्रत्यारोपण करायचे की नाही, हा मोठा निर्णय बव्हंशी तिच्यावर ठरतो. एफएलटी३ मध्ये बदल असल्यास मिडोस्टॉरिन किंवा गिल्टेरिटिनिब यांचा विचार होतो. आजार उलटला तर या तपासण्या नव्याने कराव्या लागतात, कारण उलटून आलेल्या पेशींत एखादा बदल नाहीसा झालेला किंवा नव्याने आलेला असू शकतो.

प्रतिकूल गट हे शब्द ऐकून हातपाय गाळू नयेत. गट पुष्कळ रुग्णांच्या अनुभवावरून ठरलेला असतो. आपल्या माणसाने औषधाला कसा प्रतिसाद दिला, हे त्यानंतर कळते. ते मोजायला एमआरडी ही तपासणी असते. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसत असतानाही दहा हजार पेशींत एखादी आजारी पेशी उरली आहे का, ते ती शोधते. ती कोणत्या टप्प्यावर होणार, हे सुरुवातीलाच विचारून तारीख लिहून ठेवावी.

पायरी सहावी: रुग्णाच्या जन्मजात जनुकांच्या तपासण्या

या तपासण्या वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. एएलएलच्या देखभालीच्या टप्प्यात मर्कॅप्टोप्युरीन ही गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते. एनयूडीटी१५ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसनेही धोकादायक पातळीपर्यंत घसरतात, आणि हा बदल युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांत, भारतीयांतही, अधिक आढळतो. म्हणून टीपीएमटी या, याच गोळीच्या डोसशी संबंधित दुसऱ्या जनुकासोबत एनयूडीटी१५ तपासले आहे का, हे जरूर विचारा. जी६पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर युरिक ॲसिड उतरवणारे रॅसब्युरिकेज हे इंजेक्शन देता येत नाही.

एचएलए तपासणी दात्याशी जुळणी पाहण्यासाठी असते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. माझे आणि भावाचे जुळले नाही, तेव्हा मला फार अपराधी वाटले होते. त्यात कोणाचाच दोष नसतो, आणि आता आईवडील किंवा मुले यांच्याशी अर्धी जुळणी असतानाही प्रत्यारोपण करता येते.

पायरी सातवी: पैसे आणि फाइल

तपासण्यांचा खर्च मोठा असतो, म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातील समाजसेवा विभाग गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा आणि केमोच्या पॅकेजमध्ये कोणत्या जनुकीय तपासण्या येतात, कोणत्या येत नाहीत, ते नेमके विचारा. पुण्यातील अनेक मोठी खासगी रुग्णालये धर्मादाय विश्वस्त संस्थांची आहेत. अशा रुग्णालयांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लवकर काढून ठेवावा. सर्वच तपासण्या परवडत नसतील, तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि उपचार बदलू शकतील अशा तपासण्या आधी कोणत्या, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

फाइलमध्ये पहिला सीबीसी, मज्जेचा रिपोर्ट, फ्लो, कॅरिओटाइप, फिश, पीसीआर आणि एनजीएस तारखेच्या क्रमाने लावा. प्रत्येक रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख आणि रिपोर्टची तारीख वेगळी असते. औषध कधी सुरू झाले तेही शेजारी पेनाने लिहा. दुसरे मत घेण्यासाठी मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जाणार असाल, तर कागदांसोबत काचपट्ट्या आणि मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडाही मागून घ्या. आणि पहिल्या नमुन्यातील डीएनए प्रयोगशाळेत उरले असेल, तर ते किती काळ जपून ठेवतात, हे विचारून त्यांचा नमुना क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.